पेटंटातलं इंजिन आणि चाललेलं इंजिन

८ मे १८९० रोजी इंग्लंडमध्ये हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट या २६ वर्षांच्या तरुणाने चार्ल्स बिनी या भागीदारासोबत तेलावर चालणाऱ्या इंजिनाचं पेटंट मागितलं. त्याचा क्रमांक ७१४६. पुढे फेब्रुवारी १८९२ च्या अखेरीस बर्लिनमध्ये रुडॉल्फ डिझेल या ३३ वर्षांच्या अभियंत्याने आपला अर्ज दाखल केला. तो १८९३ च्या फेब्रुवारीत मंजूर झाला, क्रमांक ६७२०७. दोन अर्जांमध्ये दोन वर्षांचंही अंतर नाही. ठिणगीशिवाय, केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटणाऱ्या इंजिनाचा जनक कोण, हा वाद या अंतरावर शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. इंग्रजांचा एक गट म्हणतो की जर्मनाने आमच्या माणसाचं श्रेय पळवलं. जर्मनांना आणि बहुतेक पाठ्यपुस्तकांना हा प्रश्नच पडत नाही, कारण इंजिनावर नाव डिझेलचं आहे.

मला दोन्ही बाजूंची भूमिका चुकीची वाटते. दोघेही पेटंटच्या कागदाला इंजिन समजतात. कागदाची तारीख बाजूला ठेवून कारखान्यात प्रत्यक्षात काय चाललं आणि ते कोणी मोजलं हे पाहिलं, तर या वादाचा बराचसा उलगडा होतो. मात्र तो उलगडा दोन्ही बाजूंना गैरसोयीचा आहे.

आधी तत्त्व. सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी तापते, कारण हवा दाबली की गरम होते. आग्नेय आशियातले लोक शतकानुशतकं एका नळीत दट्ट्या झटक्यात दाबून आतला कापसासारखा चटकन पेटणारा पदार्थ पेटवत आले आहेत. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे प्रयोग लोकांना दाखवले जात. फ्रेंच अभियंता सादी कार्नोने १८२४ मध्ये उष्णतायंत्रांवर लिहिताना याच गुणधर्माची चर्चा केली. १८८७ मध्ये ओटो क्योलर या जर्मन लेखकाने हवा जबर दाबून तिच्यात इंधन जाळण्याचं चक्र कागदावर मांडलं आणि घर्षणामुळे ते व्यवहारात परवडणार नाही असंही सांगून टाकलं. अमेरिकेत जॉर्ज ब्रेटनने स्थिर दाबाखाली इंधन जाळणारं इंजिन १८७० च्या दशकातच बनवलं होतं. म्हणजे १८९० साल उजाडलं तेव्हा या कल्पनेचे सगळे तुकडे छापलेल्या स्वरूपात कोणालाही मिळण्यासारखे होते. नुसत्या कल्पनेसाठी श्रेय वाटायचं ठरवलं तर डिझेल आणि अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट दोघांनाही बरंच मागे उभं राहावं लागेल.

अ‍ॅक्रॉइड स्टुअर्टच्या इंजिनाला इंग्रजीत ‘हॉट बल्ब’ म्हणतात. सिलिंडरच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ फुगा, तो अरुंद मानेने सिलिंडरला जोडलेला. सुरू करण्याआधी हा फुगा बाहेरून ब्लो लॅम्पच्या ज्योतीने काही मिनिटं लालबुंद तापवायचा. मग चाक फिरवायचं. त्या तापलेल्या फुग्यात तेल पडतं, त्याची वाफ होते, दाबलेली हवा मानेतून आत घुसते आणि मिश्रण पेटतं. एकदा इंजिन चालू झालं की प्रत्येक स्फोटाची उष्णता फुग्याला गरम ठेवते आणि बाहेरची ज्योत काढून घेता येते. ग्रँथम गावच्या रिचर्ड हॉर्न्सबी अँड सन्स या कंपनीने हक्क घेतले आणि जुलै १८९२ मध्ये पहिलं इंजिन विकलं. ते एका छोट्या गावाच्या पाणीपुरवठा केंद्रावर बसलं. पुढे या धर्तीची ३२,००० हून अधिक इंजिनं तयार झाली.

हे यश फार मोठं आहे आणि डिझेलच्या चाहत्यांनी ते कधीच नीट मान्य केलेलं नाही. डिझेलचं पहिलं नीट चालणारं इंजिन १८९७ चं. त्याच्या पाच वर्षं आधीपासून अ‍ॅक्रॉइड स्टुअर्टचं इंजिन घासलेटासारखं स्वस्त तेल जाळून पैसे कमावत होतं. त्याला ठिणगी लागत नव्हती, पाण्याचा बॉयलर लागत नव्हता, गॅसची पाइपलाइन लागत नव्हती. जिथे दगडी कोळसा पोचत नाही अशा शेतावर किंवा विहिरीवर ते उभं करता येत होतं. साध्या मिस्त्रीला सांभाळता येईल असं तेलइंजिन जगाला कोणी दिलं, असं विचारलं तर माझं उत्तर स्टुअर्ट हेच असेल.

पण प्रश्न तो नाही. प्रश्न आहे तो कॉम्प्रेशनच्या, म्हणजे हवा दाबण्याच्या, उष्णतेनेच इंधन पेटवण्याचा. हॉर्न्सबीच्या इंजिनात हवा दाबली जायची ती साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत. एवढ्या दाबाने हवा तापते, पण तेल पेटण्याइतकी नाही. उरलेली उष्णता लाल फुग्याची. तो गार झाला की इंजिन बंद. म्हणून सकाळी काम सुरू करताना पुन्हा ज्योत लावावी लागे. ही कसोटी मला निर्णायक वाटते: गार इंजिन, बाहेरून कोणतीही ज्योत नाही, तापलेला भाग नाही, आणि तरी ते पेटतं का? स्टुअर्टचं इंजिन या कसोटीला उतरत नाही.

इथे स्टुअर्टचे समर्थक पेटंट पुढे करतात. ७१४६ मध्ये सिलिंडरमध्ये फक्त हवा घ्यायची, ती दाबायची आणि मग तेल आत सोडायचं असं म्हटलेलं आहे. हे खरं आहे आणि महत्त्वाचंही आहे, कारण अवेळी पेट घेण्याचा धोका त्याने टळतो आणि आजचं प्रत्येक डिझेल इंजिन याच क्रमाने चालतं. पण बाजारात गेलेल्या हॉर्न्सबी इंजिनात काय होत असे? तिथे तेल पंपाने फुग्यात जाई ते हवा आत ओढली जात असतानाच. कॉम्प्रेशनच्या दरम्यान हवा मानेतून फुग्यात शिरून त्या वाफेत मिसळे. पेटंटात लिहिलेला क्रम आणि विकलेल्या इंजिनाचा क्रम वेगळा होता.

आता डिझेलकडे येऊ, कारण तिथे हीच तफावत आणखी मोठी आहे.

डिझेल म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकला. शीतकरण यंत्रांचा मोठा जाणकार कार्ल लिंडे याचा तो विद्यार्थी. नंतर त्याच्याच कंपनीत कामाला लागला. त्या काळची वाफेची इंजिनं कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामाला लावत, बरीचशी त्याहूनही कमी. ही नासाडी डिझेलला सहन होत नव्हती. उष्णतेतून जास्तीत जास्त काम काढणाऱ्या, कार्नोने कागदावर मांडलेल्या आदर्श चक्राच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, हे त्याचं ध्येय. स्वतःहून पेट घेणं हे त्याचं मूळ उद्दिष्ट नव्हतं. ते उच्च दाबाच्या मागे आपोआप आलं. १८९२ च्या अर्जात आणि १८९३ च्या जानेवारीत छापलेल्या पुस्तिकेत त्याने हवा प्रचंड दाबून, सुमारे २५० वातावरणांपर्यंत (म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या २५० पट), तिच्यात इंधन इतक्या हळूहळू सोडायचं सांगितलं की जळताना तापमान वाढणारच नाही. अशा इंजिनातून मिळणारी सगळी शक्ती घर्षणातच संपली असती. हे डिझेलच्या स्वतःच्याही लवकरच लक्षात आलं. नोव्हेंबर १८९३ मध्ये त्याने दुसरा अर्ज केला, क्रमांक ८२१६८, आणि आपली व्याख्या सैल करून घेतली. पुढे जे इंजिन चाललं ते सुमारे ३०-३५ वातावरणांचं. त्यात जळताना तापमान भरपूर वाढत असे. म्हणजे पहिल्या पेटंटात वर्णन केलेलं इंजिन डिझेलने कधीही बनवलं नाही, आणि त्याने जे बनवलं त्याचं वर्णन पहिल्या पेटंटात नव्हतं.

आखनमधले प्राध्यापक योहानेस ल्यूडर्स यांनी १९१३ मध्ये डिझेलच्या कीर्तीला मिथक ठरवणारं पुस्तक लिहिलं, ते याच मुद्द्याच्या आधारावर. त्यातला राग मला पटत नाही, पण मूळ निरीक्षण नाकारता येत नाही. तारखेच्या आणि कागदाच्या आधारे डिझेलचा बचाव करायला गेलं तर बचाव कोसळतो.

तरीही डिझेलचा हक्क का टिकतो, ते जर्मनीतल्या आउग्सबर्गच्या यंत्र कारखान्यात दिसतं. तिथले संचालक हाइनरिश बुट्स यांनी, आणि क्रुप कंपनीने, १८९३ मध्ये त्याच्या प्रयोगांना पैसे, जागा आणि माणसं दिली. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या चाचणीत इंधन आत जाताच जबर स्फोट झाला. सुमारे ८० वातावरणांच्या दाबाने मोजणी करणारं उपकरण फुटलं. इंजिन स्वतःच्या जोरावर फिरलं नाही. पण ठिणगी नसताना, काहीही तापवलेलं नसताना, नुसत्या दाबाने पेट घेतला होता. पुढचे सहा महिने दुरुस्त्यांत गेले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी, कारखान्याच्या पट्ट्याने फिरवलं जात असताना, इंजिनाने स्वतःच पट्टा ओढायला सुरुवात केली. सांगतात की हे सर्वांत आधी लिंडर नावाच्या मिस्त्रीच्या लक्षात आलं आणि त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढून डिझेलला मान दिला. इंजिन मिनिटाला ८८ फेऱ्यांनी, जेमतेम मिनिटभर चाललं.

त्यानंतर आणखी तीन वर्षं गेली. नोझल बदलले, हेड बदललं, पिस्टनच्या रिंगांमधून गळणारा दाब अडवायचे उपाय झाले, इंधन आत कसं फवारायचं यावर असंख्य प्रयत्न झाले. लुसियान फोगेल आणि इमानुएल लाउस्टर या अभियंत्यांनी यात जे काम केलं ते आरेखनाच्या फळ्यापासून चाचणीच्या ओट्यापर्यंतचं आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्स श्रोटर यांनी येऊन इंजिनाची स्वतंत्र चाचणी घेतली. २५० मिलिमीटर व्यासाचा आणि ४०० मिलिमीटर स्ट्रोकचा (दट्ट्याच्या एका फेरीतल्या अंतराचा) एकच सिलिंडर, सुमारे २० अश्वशक्ती, आणि कार्यक्षमता २६.२ टक्के. एवढ्या उष्णतेचं काम करून दाखवणारं दुसरं कोणतंही इंजिन तेव्हा जगात नव्हतं. जूनमध्ये कास्सेलला जर्मन अभियंत्यांच्या सभेत हे आकडे जाहीर झाले. ते इंजिन आज म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आहे.

माझ्या मते डिझेलचा दावा उभा राहतो तो इथे. कोणीतरी बाहेरच्या माणसाने येऊन, वजनं आणि मापं लावून, निकाल छापून सांगितला. १८८७ मध्ये क्योलरने जे अशक्य म्हटलं होतं ते अशक्य नाही हे सिद्ध झालं. डिझेलने स्वतःही आयुष्याच्या शेवटी लिहिलेल्या हकिकतीत हाच विचार मांडला की नुसती कल्पना म्हणजे शोध नव्हे, ती प्रत्यक्षात उतरवणं हाच त्याचा खरा भाग. हे मान्य करायचं तर मग त्याच न्यायाने लाउस्टर, फोगेल, बुट्स आणि लिंडर यांनाही त्या शोधात जागा द्यावी लागते. श्रेयाचा निकष काम असेल, तर काम करणारी माणसं मोजणीतून वगळता येणार नाहीत. डिझेलच्या नावाने चालणारा गौरव ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतो, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

इंग्रज बाजूकडे आणखी एक दावा आहे आणि त्याची दखल घेतलीच पाहिजे. १८९२ मध्ये हॉर्न्सबीच्या कारखान्यात टी. एच. बार्टन यांनी प्रयोग म्हणून फुगा काढून त्याजागी साधं हेड बसवलं, कॉम्प्रेशन वाढवलं आणि इंजिन काही तास केवळ दाबाच्या उष्णतेवर चालवलं, असं सांगितलं जातं. हे अशक्य वाटत नाही. बार्टन हे काही गप्पा मारणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी पुढे नॉटिंगहॅम परिसरात मोठी बस कंपनी उभी केली. पण या प्रयोगाचा श्रोटर यांच्यासारखा मोजणीचा तक्ता कोणी पुढे आणलेला नाही, आणि खुद्द हॉर्न्सबीने ते इंजिन बाजारात आणलं नाही. ज्या कंपनीला त्याचा सर्वांत जास्त फायदा होता, तिने फुग्याचंच इंजिन विकत राहणं पसंत केलं. म्हणून हा प्रयोग इतिहासात नोंदवावा, पण त्याच्या जोरावर निकाल फिरवू नये.

या भांडणाला राष्ट्राभिमानाची धार का आली हेही समजण्यासारखं आहे. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून हारविचला जाणाऱ्या बोटीवरून डिझेल नाहीसा झाला. पुढच्या वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. पाणबुड्यांमध्ये त्याची इंजिनं होती. शत्रूच्या नावाचं यंत्र वापरावं लागतं याचा सल ब्रिटिशांना असणारच. अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट ऑस्ट्रेलियात, पर्थमध्ये, जाऊन राहिला आणि १९२७ मध्ये वारला. त्याच्यावर झालेला अन्याय खराच होता, पण त्याची भरपाई म्हणून त्याने न केलेलं काम त्याच्या नावावर चढवणं हा दुसरा अन्याय आहे. शिवाय त्यामुळे त्याचं खरं काम झाकलं जातं.

ते खरं काम कोणतं, तर तेल पंपाने थेट फवारणं. आउग्सबर्गच्या इंजिनात इंधन आत ढकलायला पन्नास-साठ वातावरणांची हवा लागे. त्यासाठी इंजिनाला वेगळा कॉम्प्रेसर जोडावा लागे, तो जड, महाग आणि सतत बिघडणारा. असं इंजिन कारखान्यात किंवा जहाजात बसतं, ट्रकमध्ये नाही. स्टुअर्टच्या घराण्यातल्या इंजिनांना अशी हवा लागतच नव्हती, साधा पंप पुरत असे. डिझेल इंजिनाला हवेच्या फवाऱ्यातून सोडवायला बरीच वर्षं गेली. जर्मनीच्या बेन्झ कंपनीत प्रॉस्पर लोराँजने १९०९ मध्ये पूर्वज्वलन कक्षाचं (इंधन आधी जिथे पेटतं त्या छोट्या कप्प्याचं) पेटंट घेतलं, ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीत जेम्स मॅकेक्नीने १९१० मध्ये केवळ तेलाच्या दाबाने फवारणी साधली आणि १९२७ मध्ये रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून फवारणीचे पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. रस्त्यावरचा ट्रक, शेतातला ट्रॅक्टर आणि विहिरीवरचा पंप मोठ्या प्रमाणावर डिझेलवर आला तो त्यानंतर. हे पंप स्टुअर्टच्या पंपाचे थेट वंशज आहेत असं मी म्हणणार नाही. दाबांमध्ये फार मोठा फरक आहे. पण हवेशिवाय तेल आत सोडण्याची वाट रोजच्या वापरात पहिल्यांदा त्याने रुळवली, आणि डिझेलच्या इंजिनाला अखेर त्याच वाटेवर यावं लागलं.

असाच चुकीच्या माणसाकडे गेलेल्या श्रेयाचा एक छोटा नमुना हल्ली वारंवार दिसतो. डिझेलने आपलं इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठीच बनवलं होतं, असं मोठ्या विश्वासाने सांगितलं जातं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगतेलावर चाललेलं छोटं इंजिन ओटो कंपनीने दाखवलं होतं, आणि कल्पना फ्रेंच सरकारची होती. हे खुद्द डिझेलनेच १९१२ मध्ये सांगून ठेवलं आहे.

हा वाद मराठी वाचकाने का समजून घ्यावा? एक कारण अगदी जवळचं आहे. हॉर्न्सबी कंपनी १९१८ मध्ये रस्टन अँड हॉर्न्सबी झाली आणि तिच्या नावाची भारतीय कंपनी पुढे चिंचवडमध्ये इंजिनं बनवू लागली. खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कारखान्यांतले कितीतरी कारागीर या इंजिनांवर हात बसवून तयार झाले, आणि आपल्या कोरडवाहू गावांतली पहिली बागायत बऱ्याच ठिकाणी याच इंजिनांच्या पाण्यावर उभी राहिली. ग्रँथम आणि आउग्सबर्गची गोष्ट आपल्याकडे पुस्तकातून नाही, विहिरीच्या काठावरून आली.

दुसरं कारण मला जास्त अस्वस्थ करतं. आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, हे दर काही वर्षांनी ठासून सांगितलं जातं. २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्येही प्राचीन विमानविद्येवरचा निबंध वाचला गेला. तळपदे कल्पक आणि धडपडे गृहस्थ होते, यात मला शंका नाही. पण ते विमान किती वजनाचं होतं, कोणत्या शक्तीवर उडालं, कोणी मोजलं, याचा तपासता येईल असा त्या काळचा पुरावा कोणी पुढे ठेवलेला नाही. अ‍ॅक्रॉइड स्टुअर्टकडे पेटंट होतं, कारखाना होता, हजारो गिऱ्हाइकं होती, आणि तरीही कॉम्प्रेशनने पेटणाऱ्या इंजिनाचं श्रेय त्याला देता येत नाही असं आपण म्हणतो. मग तळपदेंच्या बाबतीत मापदंड इतका सैल का? इंग्रजांना जो नियम लावतो तोच आपल्याला लावायला हवा. तळपदेंच्या धडपडीचा आदर करायचा तर त्यांनी खरोखर काय बनवलं याचा शोध घ्यावा लागेल. ते काम अजून नीट झालेलं नाही, आणि घोषणा देणाऱ्यांना त्यात रस दिसत नाही.

आपल्या शाळांमध्ये आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांमध्ये शोधांची यादी असते: यंत्र डावीकडे, नाव उजवीकडे. मला ती यादी मोडायला हवी असं वाटतं, आणि डिझेल इंजिन हे सुरुवातीसाठी चांगलं उदाहरण आहे. अभियांत्रिकी पदविकेच्या वर्गात ७१४६, ६७२०७ आणि श्रोटर यांच्या चाचणीचे आकडे मुलांसमोर ठेवता येतील. त्यांना विचारता येईल की कोणत्या कागदात काय लिहिलं आहे, कोणत्या इंजिनात प्रत्यक्षात काय झालं, आणि गार इंजिन ज्योतीशिवाय कोणी सुरू केलं. वर्कशॉपमध्ये जुनं इंजिन उघडून कॉम्प्रेशनचं प्रमाण मोजता येईल, नोझल काढून तेल कसं फवारलं जातं ते पाहता येईल. मुलं वाद घालतील, काही जण स्टुअर्टची बाजू घेतील, आणि त्यांच्याकडे त्यासाठी चांगली कारणं असतील. उत्तरपत्रिकेत अशा उत्तराला पूर्ण गुण मिळायला हवेत.